सूर धरण्याचे उन्हाळे

आबा देवासला सरकारी फरासखान्यात होते. तंबू ठोकणे, जाजमे अंथरणे, मेजवानी उठली की ती झटकून गुंडाळणे, हे काम. संवत छप्पनच्या दुष्काळात मेजवान्या थांबल्या, तशी फरासखान्यातली बरीच माणसे घरी बसवली. त्यांत आबाही होते. आई लोकांचे दळण दळी, आणि जात्याच्या पाळीला चिकटलेले पीठ झटकून आमची भाकरी होई. धाकटी बहीण त्याच साली गेली. तापाने गेली असे आई सांगे. ताप नव्हता. मी घरातच होतो, मला ठाऊक आहे.

पुढे आबांना परत कामावर घेतले, पण माझ्या हातात तंबूची मेख आणि मोगरी द्यायची नाही हे त्यांनी तेव्हाच ठरवले होते.

आमच्या गावात त्या काळी दोन राज्ये होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एकच, कचेऱ्या दोन, शिपाई दोन, मानपान दोन. देऊळ मात्र दोघांचे. वैशाखात देवाला उकाडा होऊ नये म्हणून चंदनाची उटी लावीत आणि संध्याकाळी तिच्यापुढे पदे म्हणत. देवाच्या उजव्या हाताला कोणत्या पातीचा मृदंग बसायचा, यावरून दोन मृदंग्यांत पूर्वी एकदा अशी जुंपली की पंचांनी निकाल दिला, कोणाचेच वाद्य नको. तेव्हापासून उटीला नुसते गळे. तंबोराही नाही, कारण तोही कोणत्या तरी पातीचा असणारच. मग तंबोऱ्याच्या जागी एकच सूर धरायला एक माणूस बसवीत. तो माणूस मी.

पदे म्हणणाऱ्या मेळ्याचे बुवा कचेरीत कारकून होते आणि त्यांना इंग्रजी येत असे. आबा मला त्यांच्याकडे घेऊन गेले.

"साहेब, याला दोन अक्षरं इंग्रजी शिकवा. हा तुमची पडेल ती चाकरी करील."

बुवांनी मला सूर लावायला सांगितला. बराच वेळ ऐकले. "षड्ज पक्का आहे रे, फरासाच्या. शिकवतो. पण एक ध्यानात ठेव, जो सूर धरतो त्यानं दुसरं काही गायचं नाही. इथं नाही, घरी नाही, न्हाताना नाही. गळा भटकला की सूर हलतो."

"आणि मला गायला पद कधी मिळंल?" मी विचारले.

"आधी बूड तर घट्ट होऊ दे!"

सगळे हसले. आबाही हसले. त्यांना इंग्रजी मिळाले होते; पद मला हवे होते.

उन्हाळ्यामागून उन्हाळे मी खांबाशी बसून 'सा' धरला. बाकीचे गात, ताना घेत, एकमेकांना माना डोलावून दाद देत. त्यांचे आवाज चढले की त्यांच्या आड मी चोरून श्वास घेई. एवढीच माझी कला. पदे संपली की ओट्यावर उजेड असेपर्यंत बुवा इंग्रजी शिकवीत, आणि मनापासून शिकवीत, हे खोटे बोलणार नाही. घरी आई जात्यावर ओवी म्हणे. "तू पण म्हण की रे, लाजतोस काय?" मी ओठ मिटून बसे. बुवांचा शब्द मी असा पाळला. दर वैशाखाला पद मागितले, दर वैशाखाला "पुढल्या साली बघू" ऐकले. मधल्या काळात मॅट्रिक झालो. आबांनी गल्लीत गूळ वाटला. मला तो गोड लागला नाही.

बुवांची सासरवाडी धार संस्थानची. एका वैशाखात तिथल्या देवळाने आम्हांला बोलावले. गाडीतून उतरतो तोच ओट्यावरची मंडळी सुरू झाली.

"काय भिया, बाजा रस्त्यात पडला का?"

"अरे, देवासवाले हैं! अर्धा मृदंग इकडच्या पातीत, अर्धा तिकडच्या."

"आमच्या धारेत एक राजा, एक मृदंग. हवा तर उसना देतो!"

बुवांचे कान लाल झाले. आत जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आज तिसरं पद तुझं. दाखव यांना गळा काय असतो ते."

आबा गाडीबरोबर आले होते. ते दाराशी उभे राहिले. माझ्या जागी सूर धरायला दुसरा बसला.

ध्रुवपद चांगले गेले, ते षड्जाभोवतीच होते. अंतऱ्याला वर जायचे होते. गळ्याला सांगितले, वर चल. गळा हलेना. पुन्हा उचलला, आणि तो घरंगळत 'सा'वर येऊन बसला. इतकी वर्षे एका जागी बांधलेला बैल सोडल्यावर तिथेच उभा राहतो, तसा. कोणी हसले नाही. हसले असते तर बरे होते. बुवांनी नुसती मान हलवली. शेजारच्याने माझा अंतरा उचलला आणि पार पाडला. आणि मी काय करत होतो? त्याच्या खाली सूर धरून बसलो होतो. मला कोणी सांगितले नव्हते. तो आपोआपच लागला.

बाहेर आबा गाडीला बैल जुंपत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "इंग्रजी येतं ना आता? मग झालं तर."

बुवा परतीच्या वाटेवर एकदाच बोलले. "नियम मोडून कधी चोरून तरी गायचं होतंस, गाढवा."

त्यानंतर मी एकट्याने टेकडीमागे जाऊन गळा उचलून पाहिला, महिनोन् महिने. आवाज वर जाईना तो नाहीच. पुढल्या वैशाखात मी मेळ्यात बसलो नाही आणि कोणी बोलवायलाही आले नाही. लोक आजही म्हणतात, फरासाच्या पोराने नशीब काढले. काढले, आणि स्वतःच्या अभ्यासावर काढले, कोणाच्या शिफारशीवर नाही. पण मला काय हवे होते हे त्यांतल्या एकानेही कधी विचारले नाही.

माझे म्हणून एक पद मी कधी पुरे गायलो नाही. इंदूरच्या कॉलेजात गेलो आणि बी. ए. झालो. आमच्या कुळात पहिला.