झिरकपूर, खरड की सेक्टर ३२: मंजूचं घर शोधताना

"ताई, फ्लॅट जवळजवळ ठरलाय. आईला घेऊन ये," असा मंजूचा फोन आला आणि मी पुणे-चंदीगड विमानाची तिकिटं काढली. मंजू माझी धाकटी बहीण, तिकडे सेक्टर ३२च्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर. कैक वर्षं भाड्यानं राहिली, आता स्वतःचं घर हवं म्हणते. हवंच की! पण पैसे उभे राहणार होते आईचं मिरजेचं घर विकून. बाबांनी बँकेच्या नोकरीत पै पै जोडून बांधलेलं घर. मग आई आपल्याकडेच राहील, हे मंजूनं गृहीत धरलेलं. आईनं आपली बॅग भरली, पण मला काही हे पटेना.

जाणार असाल तर मार्चात जा. एका स्वेटरवर भागतं.

पहिला मुक्काम झिरकपूर. चंदीगडच्या वेशीबाहेर, विमानतळापासून जवळ, जिकडे बघावं तिकडे टॉवर. नवव्या मजल्यावरचा तीन बेडरूमचा फ्लॅट, किंमत कोटीला टेकलेली. एजंट मोठा गोडबोल्या. "माताजी, चंडीगढ़ तो बस दस मिनट!" रविवार होता, रस्ते मोकळे, मंजू खूश. मी कसली ऐकतेय? सोमवारी सकाळी ऑफिसच्या वेळेला मुद्दाम त्याच रस्त्यानं टॅक्सी घ्यायला लावली. गाडी जागची हलेना.

"रोज थोडंच असतं असं," मंजू म्हणाली.

ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. "रोज ही होता है जी."

त्याला टाळी द्यायचीच काय ती बाकी ठेवली मी.

मग खरड, मोहालीच्याही पलीकडे. दोन बेडरूम पन्नास लाखांच्या आत. सगळीकडे कॉलेजची पोरं, आणि गाडीवरचे छोले-कुलचे असे की आईनंसुद्धा दुसरी प्लेट मागितली. पण मंजूला रात्री-अपरात्री हॉस्पिटल गाठायचं असतं. तिथून कशी गाठणार, कप्पाळ?

खुद्द शहरात मात्र जीव रमला. झाडांखालचे फुटपाथ, प्रत्येक सेक्टरात बाग, बाजार हाकेच्या अंतरावर. किमती ऐकल्या आणि आम्ही गुपचूप चहा प्यायलो. हॉस्पिटलपासून चालत जाता येईल असा तळमजला भाड्यानं मिळत होता, महिना पंचवीस हजार. "हाच घे की गं," मी म्हटलं.

"भाडं म्हणजे पाण्यात पैसे, ताई! तुला काय जातंय बोलायला?"

भर बागेत जुंपली आमची. आई बाकावर बसून पंजाबी बायकांची पोरं बघत होती.

मंजूनं आपलंच खरं केलं. दुसऱ्या दिवशी झिरकपूरला बिल्डरच्या ऑफिसात टोकनचा चेक द्यायचा होता. मंजूनं पेन काढलं. एजंटनं लस्सी पुढे करत कौतुकानं विचारलं, "माताजी, आपने अपना कमरा देख लिया?"

आई त्याच्याशी नाही, मंजूशी बोलली, अगदी शांतपणे. "मी नाही गं येत. घर विकून पैसे घे, खुशाल घे. मी मिरजेतच एक खोली भाड्यानं घेईन. इथं नवव्या मजल्यावर बोलू कुणाशी मी?"

"भाड्यानं? तू? या वयात?"

"त्यात काय? तू नाही राहिलीस?"

मंजूनं पेनाला टोपण लावलं, आणि त्या एजंटसमोरच रडायला लागली. तो बिचारा लस्सीचा ग्लास धरून उभा. मला वाटलं, आईनं काय डाव टाकला! वाहवा!

संध्याकाळी सेक्टर ३२चा तळमजला ठरला. मग आम्ही तिघी सुखना तलावावर गेलो. किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला म्हणून सांगू! मंजू मध्येच म्हणाली, "सुट्टीला येईन मिरजेला," आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. घर शोधायला जाणाऱ्यांना माझं एकच सांगणं: रविवारी बघू नका, आणि ज्यांच्या जिवावर घेताय त्यांना आधी विचारा. आम्ही विचारलंच नव्हतं.

आईला सोडायला मिरजेपर्यंत गेले. रिक्षातून उतरतोय तोच मागच्या गल्लीतल्या शिंदेकाकू लगबगीनं आल्या.

"आलात का वहिनी? खोली रंगवून घेतली बघा तुमच्यासाठी. नळही बदलला. कधी येताय राहायला?"

म्हणजे तो डाव नव्हताच तर!

"नको आता, काकू," आई म्हणाली. "द्या दुसऱ्या कुणाला." आणि आत जाऊन तिनं चहाचं आधण ठेवलं.