साड्या ठेवा, इंजन आणा

"गाठोडी कुठं उतरवायची?" देशमुख सरांनी विचारलं, तेव्हा मी विहिरीच्या काठावर ओणवा होऊन आत बघत होतो. आतलं पाणी दुधाच्या चहासारखं दिसत होतं. वास मात्र चहाचा नव्हता.

मी तेव्हा आरोग्य सहाय्यक होतो. म्हणजे डॉक्टर नाही. गावाचं पिण्याचं पाणी ठीक आहे की नाही हे बघणारा माणूस. बुलडाणा जिल्ह्यातल्या धाड गावाच्या पलीकडे, नदीकाठच्या एका गावात पूर येऊन दोन दिवस झाले होते. माणसं सगळी वाचली होती. पण नदी गावच्या विहिरीत शिरली होती, आणि येताना गोठ्यातलं, उकिरड्यावरचं सगळं घेऊन आली होती. रपटा, म्हणजे नदीवरचा ठेंगणा पूल, वाहून गेल्यामुळे टँकर येऊ शकत नव्हता. वीज नव्हती, मोटारी गाळात गेल्या होत्या. वरच्या शेतातला एक हातपंप तेवढा चालू होता आणि सगळं गाव तिथं रांगेत उभं होतं. सकाळीच जुलाबाचे दोन पेशंट निघाले होते. अशा वेळी दोनाचे वीस व्हायला वेळ लागत नाही.

मी तालुक्याला साहेबांना फोन लावला.

"सर, विहीर उपसावी लागेल."

"मग उपसा."

"पंप नाही सर."

"डोंगरे, मी इथून पंप फेकू का? टीसीएल पाठवतो. बाकीचं तुम्ही जमवा."

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ती घाण पाण्यात टाकून उपयोग नसतो. आधी विहीर रिकामी करायची, गाळ काढायचा, नवं पाणी येऊ द्यायचं, मग पावडर.

देशमुख सर बुलडाण्याचे, रिटायर्ड हेडमास्तर. त्यांच्याबरोबर सकाळी फिरायला येणारी पंधरा-वीस मंडळी घेऊन आले होते. जिपा पलीकडच्या काठावर ठेवून, गुडघाभर पाण्यातून साड्यांची गाठोडी डोक्यावर आणली होती. त्यांना नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. ते काम सरपंच शोभाताईंनी केलं.

"सर, साड्या लय चांगल्या हायेत. पन देवळात आधीच दोन ढीग पडले. आन ह्या धुवाले पानी कुठून आनू मी?"

सरांचा चेहरा उतरला. "अहो, काल दिवसभर दारोदार फिरलो आम्ही."

"त्याले मी कुठं नाही म्हनून राह्यली?"

सर एका गाठोड्यावर बसले. मग ते माझ्याकडे वळले.

"काय पाहिजे ते सांगा."

"डिझेल इंजन, पाइप आणि गाळ काढायला माणसं."

त्यांनी खिशातून मोबाइल काढला. धाडला सलीम नावाचा त्यांचा जुना विद्यार्थी पंप दुरुस्त करायचा. "सलीम, देशमुख सर बोलतोय." पलीकडचं उत्तर मलाही ऐकू आलं : "सर, मी काही नाही केलं."

दीड तासात सलीमभाई इंजन घेऊन काठावर हजर. बांबूला बांधून आठ जणांनी ते पाण्यातून आणलं. आठांत सरही होते.

"सर, तुमी बाजूले व्हा, पडसान," सलीमभाई म्हणाले.

"तुला उचलून बाकावर उभा केलाय मी. चल पुढं."

इंजन सुरू झालं आणि दहा मिनिटांत पाणी यायचं बंद. पाइपच्या खालच्या टोकाला जाळीचा व्हॉल्व्ह असतो, आमच्याकडे त्याला फुटबॉल म्हणतात. त्यात काडीकचरा अडकत होता. साफ केला, पुन्हा अडकला. तिसऱ्या वेळी शोभाताईंनी गाठोड्यातून एक नायलॉनची साडी ओढली आणि सलीमभाईंपुढं टाकली.

"हे गुंडाय त्याले."

साडी गुंडाळली. पाणी सुरू झालं. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी आणखी दोन साड्या तयार ठेवल्या.

दुपारनंतर तळ दिसला. तीन-चार तरणे गडी खाली उतरले आणि वर घमेल्यांची साखळी लागली. एक गावातली बाई, एक बुलडाण्याचा पाहुणा, अशी. एका बँकेतल्या साहेबांची पांढरी पँट आता कुठल्या रंगाची आहे यावर बायकांचं एकमत होत नव्हतं. संध्याकाळी नवं पाणी चढलं. मी तालुक्याहून आलेली पावडर बादलीत कालवली, तिच्यातला चुना खाली बसू दिला आणि वरची निवळ विहिरीत सोडली.

त्यानंतर तपासणी. आमच्याकडे एक छोटी बाटली असते. तिच्यात पाणी भरून एक दिवस ठेवायचं. काळं पडलं तर पाणी वाईट. मी विहिरीत औषध मुरल्यावर बाटली भरली आणि लोकांना म्हटलं, उद्यापर्यंत हातपंपच.

दुसऱ्या दिवशी बाटली काळी पडली.

मला फार वाईट वाटलं. आजूबाजूच्या जमिनीतलं घाण पाणी अजून पाझरत होतं. म्हणजे सगळं पहिल्यापासून. मी सरांना फोन केला. ते येणार नाहीत असं मी धरूनच चाललो होतो.

"बाटली काळी का? बरं," सर म्हणाले. "उद्या सकाळी निघतो. फावडी किती आणू?"

या वेळी गाठोडी नव्हती. फावडी, घमेली आणि प्रत्येकाच्या हातात स्वतःचा डबा. बँकवाले साहेब बर्मुडा घालून आले. सलीमभाईंनी इंजन आधीच आणून ठेवलं होतं. काम निम्म्या वेळात झालं, कारण कोणाला काही सांगावं लागलं नाही.

दुसरी बाटली मी शोभाताईंच्या ओट्यावर ठेवली. दिवसभर माणसं येऊन बघून जात होती. पाण्याचा रंग बदलला नाही. शोभाताईंनी पहिली घागर भरली आणि पहिला तांब्या सलीमभाईंना दिला. जुलाबाचे दोन पेशंट होते त्यांचे तीन झाले, पण चौथा निघाला नाही.

आता कुठंही पूर आला की लोक मला विचारतात, काय पाठवू? मी म्हणतो, आधी तिथल्या माणसाला फोन करा आणि तो सांगेल तेच न्या. स्वतः जाणार असाल तर डबा घरून न्या. आणि एकदा जाऊन आलात की दुसऱ्यांदा जायची तयारी ठेवा, कारण पहिल्या दिवशी माणसं पुष्कळ असतात, काम उरतं ते नंतरच्या दिवसांत.