बहात्तर घागरी आणि एक लाभ

कबूल करतो, हे लिहायला मी अडीच महिने लावले. आमच्या वाचनालयाचं हस्तलिखित मासिक काढतो तो नारायण माझा मावसभाऊ. तो दर बाजाराच्या दिवशी आमच्या ओट्यावर येऊन बसायचा आणि मी दरवेळी नवं कारण काढायचो. एकदा शाई सांडली, एकदा बोट कापलं. एकदा काहीच सुचेना, तेव्हा खरं सांगितलं की पोहायला जाऊन राह्यलो. "लोणार पाहून आला ना बे? मंग लोणारचं लेही," तो म्हणायचा. खरी अडचण तीच आहे. लोणार मी पाहिलं जेमतेम तासभर. बाकीचे दिवस कुठे गेले ते सांगायचं, तर माझ्यामुळे एका भल्या माणसाची घागर कोरडी राहिली तेही सांगावं लागतं.

पाडवा झाला आणि बाबा म्हणाले, वावरातल्या पऱ्हाट्या उपटायच्या आहेत. त्याच दिवशी मला लोणारची फार ओढ लागली. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या ज्याने हाताने उपटल्या असतील, त्याला ही ओढ समजेल.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी वाट सांगतो. आमच्या जळगाव जामोदहून नांदुऱ्यापर्यंत बैलगाडी. उन्हाळ्यात पूर्णेला गुडघाभर पाणी असतं, तेवढ्यात बैल पाणी पितात आणि आपण दशम्या खाऊन घ्याव्या. नांदुऱ्याहून रेल्वेने मलकापूर. मलकापूरला स्टेशनाबाहेर बुलढाण्याची मोटार उभी असते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली म्हणजे काय याबद्दल सरकारचं मत वेगळं आणि ड्रायव्हर करीमभाईचं वेगळं. परवाना अठरा माणसांचा. मी चढलो तेव्हा आम्ही तेवीस होतो, शिवाय एक कोंबडा.

"आता जागा नाही हो," एक टोपीवाला म्हणाला.

"जागा होते, भाऊ," करीमभाई म्हणाला. "सरका म्हटलं का माणूस सरकते. मोटार नाही सरकत."

तो म्हणाला ते खरं ठरलं. राजूरच्या घाटात मोटार सरकेनाशी झाली. आम्ही तेवीसही उतरून चालत वर गेलो. कोंबडा मात्र बसून आला.

बुलढाण्याला चैत्रातही हवा गार. कचेऱ्या, कोर्ट, वकिलांचे बंगले, आणि सगळीकडे लोक काहीतरी अर्ज लिहून घेत बसलेले. खानावळीत भाकर, बेसन आणि ठेचा पोटभर मिळतो. ठेच्याला कमी समजू नका. पाणी मागत मागत मी एका सभागृहात शिरलो, कारण तिथे दाराशी माठ होता. आत भाषण चाललं होतं. विषय फळ्यावर लिहिला होता: माणसं वाढतात, जमीन वाढत नाही.

बोलणारे वकीलसाहेब हुशार होते. बापाचं वावर चार पोरांत वाटलं, त्या चौघांच्या सोळा पोरांत वाटलं, की शेवटी वाट्याला नुसता धुरा, म्हणजे बांध, येतो, हे त्यांनी खडूने रेघा मारून दाखवलं. मागून एक पागोटेवाला उठला. "साहेब, ज्यानं चोच देल्ली तो चारा देते."

"देतो ना," वकीलसाहेब म्हणाले. "पण चोची किती होऊ द्यायच्या, ते आपल्या हातात आहे."

"तुमी कितवे हो, साहेब?"

"मी? पाचवा."

"मंग चौथ्यावर थांबले असते, तर आमचं आजचं भाषण वाचलं असतं."

सभागृह हसलं. मीही हसलो, जरा जास्तच मोठ्याने. पुढच्या रांगेतला एक कृश माणूस वळून माझ्याकडे रागाने बघू लागला. त्याच्या मांडीवर वही होती आणि भाषणाचा शब्द न् शब्द त्यात उतरलेला. हे मास्तर. बीबीच्या अलीकडे एक लहानशी वाडी आहे, तिथल्या शाळेचे. बाहेर आल्यावर त्यांनीच मला गाठलं.

"हसायला काय झालं?"

"उत्तर झ्याक होतं, म्हणून."

"उत्तर नव्हतं ते. थट्टा होती. तुम्ही कुठे निघालात? लोणारला? वाटेत माझ्याकडे उतरा. माझ्या वाडीत हे भाषण रोज सकाळी विहिरीवर चालतं. तिथे हसून दाखवा."

मला कोणी बोलावलं की मी जातोच. चिखलीला भजी खाल्ली, मेहकरला बालाजीचं दर्शन घेतलं, सुलतानपूरला मोटार सोडली आणि तिथून बीबीच्या वाटेने पायी. ऊन मी म्हणत होतं. दिवस कलताना वाडी आली: पंधरा-सोळा घरं, शेवटची दोन पिंजाऱ्यांची, एक पिंपळ, एक विहीर.

विहिरीचा हिशोब माझ्याआधीच पोचलेल्या मास्तरांनी मला उभ्याउभ्याच समजावला. रात्रभर झरा पाझरतो आणि सकाळी बहात्तर घागरी पाणी निघतं. त्र्याहत्तरावी बादली गाळ आणते. वाडीत माणसंही बहात्तर. म्हणून पाडव्याला सगळ्यांसमोर यादी केली: माणशी एक घागर, पाऊस पडेपर्यंत नवीन नाव नाही. त्याआधी पाण्यावरून डोकी फुटली होती. यादी झाल्यापासून एकही फुटलं नाही. यादीत पहिलं नाव पाटलांचं. शेवटचं, बहात्तरावं, मास्तरांचं स्वतःचं. ज्याने यादी करायची त्याने शेवटी बसायचं, ही त्यांची रीत.

मास्तरांनी मला तांब्याभर पाणी दिलं. मी तोंडाला लावणार, तेवढ्यात पिंपळाखालून आवाज आला, "अन् हा कोण? याचं नाव हाये का यादीत?"

तांब्या अर्ध्यावर थांबला. बोलणारी होती राधामाय, काटकुळी म्हातारी. तिच्या सुनेला, कौशीला, नऊ दिवसांपूर्वी मुलगी झाली होती. यादीनंतर.

"पाहुणे आहेत. माझ्या घागरीतलं पितात," मास्तर म्हणाले.

"पाहुण्याले पाणी हाये, माह्या नातीले नाही. मास्तर, पोरीचं नाव टाका."

"राधामाय, यादी बंद झाली. तुमच्यासमोर झाली."

"तवा थे पोटात होती. पोटातली काऊन नाही धरली?"

"पोटातली कशी मोजायची?"

"मले इचारलं असतं, म्या सांगलं असतं."

पिंपळाखाली हळूहळू सगळी वाडी जमली. रहीम पिंजारी म्हणाला, "आज इची लेहा, उद्या माह्या शेळीचं पिल्लू लेहा."

"शेळी दूध तरी देते. तू काय देतं रे?" राधामाय म्हणाली.

पाटील शांत माणूस. ते म्हणाले, "राधामाय, एका घागरीची गोष्ट नाही. आनखी दोन सुना दिवसांतल्या हायेत. आज तुले देल्ली, तं त्याहीले काय सांगू? अन् पाणी तं तेवढंच हाये."

यावर कोणी हसलं नाही. मीही नाही. बाळंतिणीला दोन वेळची ऊन ऊन अंघोळ लागते, बाळाला न्हाऊ घालावं लागतं, आणि त्या घरात घागरी तीन. राधामायने नऊ दिवस स्वतःच्या अंगावर पाणी घेतलं नव्हतं. हे तिने सांगितलं नाही. वारा तिच्याकडून आला, त्याने सांगितलं. पण पाटलांचं तरी काय चुकलं होतं? मी दोन्हीकडे मान हलवत राहिलो. हे मला छान जमतं.

सकाळी विहिरीवर घागरींची रांग. दोघं दोराने पाणी काढणार, एकाने आकडा पुकारायचा, मास्तरांनी यादीत खूण करायची. पुकारण्यावरून रोज कुरबूर, कारण जो पुकारतो तो आपल्या भावकीचे आकडे गिळतो असा संशय. "हा जामोदवाला पुकारील," पाटील म्हणाले. "बाहेरचा हाये, कोनाचाच नाही." मला एवढा मान मॅट्रिकला दोनदा बसूनही मिळाला नव्हता. मी छाती काढून उभा राहिलो.

पहिली बादली वर आली. पाटलांची घागर पुढे झाली. आणि मी ओरडलो, "लाभ!"

शपथेवर सांगतो, मुद्दाम नाही. जन्मभर खळ्यावर धान्य मोजत आलो. पहिल्या पायलीला आमच्याकडे कोणी 'एक' म्हणत नाही. 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन. एक म्हटलं की रास तिथेच एकटी राहते म्हणतात. जीभ सवयीने गेली. रोज पुकारणारे सांभाळून 'एक' म्हणत, कारण मास्तरांच्या यादीत तसं होतं.

पाटलांच्या घागरीपुढे ठण्णकन दुसरी घागर टेकली.

"आली, आली! माह्या नातीची घागर आली," राधामाय म्हणाली. "बारशाच्या आधी नाव सांगू नये, पन आता यानंच फोडलं. पोरीचं नाव लाभा ठेवलं हाये."

"असं नाव नसतं!" मास्तर म्हणाले.

"काऊन? गंगा असते, जमुना असते. लाभा कायले नसन?"

"पण यादीत..."

"यादीचं मले नका सांगू. ईहिरीच्या तोंडावर लाभाले हाक मारली, थे आली. आता वापस पाठवता का तिले? पाठवा. पेरणी दोन महिन्यांवर हाये. लाभ वापस पाठोला म्हणून सांगन म्या सगळ्याले."

सगळे पाटलांकडे बघू लागले. पाटील घागरीकडे बघत होते. भरली बादली हातात धरून दोघं थांबलेले. पाणी थेंबथेंब गळत होतं, आणि एकेका थेंबाला बहात्तर जीव चुकचुकत होते.

"भरा तिची," पाटील म्हणाले. "माही दोन."

"मग माझा हिशोब?" मास्तर म्हणाले.

"सगळेच एकेक सरका."

सरकले. दोनची तीन झाली, तिनाची चार. मी पुकारत गेलो, घसा सुकत गेला. एकाहत्तरही गेला. बहात्तरावी घागर रहीमची. मग मास्तरांनी आपली कळशी पुढे ठेवली आणि बादलीत गाळ आला.

मास्तरांनी यादीत स्वतःच्या नावापुढे एक बारीक फुली मारली. आदल्या संध्याकाळी त्यांचं अर्धं पाणी मीच प्यायलो होतो, हे त्यांना आठवत असेल असं मला सारखं वाटत राहिलं. त्यांना आठवत नव्हतं. मला आठवत होतं.

पुढची गंमत दुपारी. पाटलीणबाईंनी तांब्याभर पाणी पाठवलं. मग रहीमच्या बायकोने गडवाभर. मग दुसरं घर, तिसरं घर. कौशीने बाळाला न्हाऊ घातलं आणि तीही उरलेलं झाकून घेऊन आली. दिवस मावळेपर्यंत वाडीत सगळ्यात जास्त पाणी मास्तरांच्या घरात, आणि मास्तर यादी पुढ्यात घेऊन हताश बसलेले.

"हे यादीत बसत नाही," ते म्हणाले.

"मास्तर, बुलढाण्याच्या भाषणाचं उत्तर सापडलं," मी म्हणालो. मला फार सुचल्यासारखं झालं होतं.

"नाही सापडलं. आज दिलं. उद्या देतील? परवा? त्या दोघी सुना मोकळ्या झाल्यावर देतील?" यादीची घडी घालत ते म्हणाले, "माझी बायको आणि मुलं सासुरवाडीला ठेवली आहेत, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिकडे पाणी आहे. इथे आणली असती तर यादी किती लांबली असती? लोकांना सांगायचं पुढे जागा नाही, आणि आपली माणसं तेवढी आत घ्यायची, हे मला जमत नाही. धाकटा आता चालायला लागला म्हणे. पत्रात वाचलं."

त्यावर मान कोणीकडे हलवायची ते मला कळेना.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी नवीन यादी लावली. पहिली घागर लाभाची, पावसापर्यंत. शेवटची, रिकामी राहणारी घागर रोज एका घराच्या वाट्याला, पाळीने, पाटलांपासून सुरुवात. पाटलांनी वाचलं आणि हूं केलं. राधामायने नवीन यादी पाठच करून टाकली, कोणी गडबड केली तर भांडायला बरी म्हणून. तिने त्या दिवशी अंघोळ केली होती. सगळ्यांना तिने ते सांगितलंही.

मी लोणारला गेलो. वरून तळं वाटीसारखं दिसतं. उतरायची वाट निसरडी, जोडा चांगला हवा. तळ्यात एवढं पाणी, पण चूळ भरली तर तोंड वाकडं होतं, इतकं खारट. वर गोमुखाची धार मात्र गोड, बारमाही, कोणाचं नाव न विचारता वाहते. तिथे अंघोळ केली आणि अंघोळ करताना जरा चोरासारखं वाटलं. पाहायला गेलात तर धारेवर गर्दीच्या आधी जा. परतीचा सगळा खर्च बाबांनी दिलेल्या पैशांत भागला; शिव्या वेगळ्या.

आता घरी बसून विचार करतो, तर वकीलसाहेबांच्या खडूच्या रेघा मला खोट्या म्हणवत नाहीत. विहीर बहात्तरच देते, हे मी माझ्या तोंडाने मोजलंय. आणि लाभाची घागर परत फिरवणाऱ्यांत मी उभा राहिलो नसतो, हेही खरं. सकाळी मी वकिलांच्या बाजूचा असतो, जेवण झालं की राधामायच्या. नारायण म्हणतो लेखात एक काहीतरी ठाम लिहावं लागतं. मी म्हटलं, मग लेख ठाम माणसाकडून लिहून घे.

इथवर लिहिलं आणि बाहेर गलका झाला. नाल्याला पूर आहे, नांदुऱ्याची वाट सकाळपासून बंद, म्हणून कोणाची तरी बैलगाडी आमच्या दारात थांबली. धाकटी बहीण पळत आली. "दादा, कोनी मास्तर हायेत. शाळा उघडून राह्यली म्हणून बायको-लेकरं सासुरवाडीहून वाडीले नेऊन राह्यले. म्हणतात, पाऊस झाला, ईहीर भरली, आता सगळ्यायची नावं यादीत टाकीन. रातभर इथं थांबाचं म्हणतात."

आई स्वयंपाकघरातून विचारते, किती जणांच्या भाकरी टाकू?

धाकटी पुन्हा दाराशी जाऊन वाकून पाहून आली. म्हणाली, "माय, थांब जरा. अजून उतरूनच राह्यले."