आजोबांचं कुलूप

चिन्मय, सई,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, आजोबा कुठे दिसत नाहीत?" आणि मी विषय बदलला. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच लिहिते. गुरुवारी मी त्यांना लोणी काळभोरजवळच्या एका वृद्धाश्रमात ठेवून आले. ते आता फार विसरतात.

तिथला नियम असा, की ज्याला स्वतः कुलूप उघडता-लावता येतं त्यालाच स्वतःचं कपाट मिळतं. नाहीतर सामान ऑफिसच्या ताब्यात. सदरासुद्धा मागून घ्यायचा. जन्मभर कुणाकडे काही न मागितलेल्या माणसावर ही वेळ येऊ नये, म्हणून सदाशिव पेठेतून निघाल्यावर आधी बोहरी आळीत (कुलपं, खिळे, बिजागऱ्या मिळतात ती गल्ली) उतरलो.

दुकानातल्या चाचांनी आकड्यांचं कुलूप पुढे केलं. "किल्लीची कटकटच नाही."

आजोबांनी चाकं फिरवली. "नंबर काय?"

मी त्यांची जन्मतारीख सांगितली.

"कुणाची ही?" ते म्हणाले.

चाचांनी ते कुलूप उचललं आणि दाबून लागणारं ठेवलं. आजोबांनी ते कट्कन दाबलं. किल्ली काउंटरवरच पडून होती.

"असं केलंत तर किल्ली कपाटात राहील, साहेब."

"मग विकता कशाला?"

चाचा मोठ्याने हसले. मलाही हसू आलं. क्षणभर वाटलं, माघारी फिरावं.

तिसरं जुन्या पद्धतीचं, पितळी, किल्ली फिरवल्याशिवाय न लागणारं. आजोबांनी ते हातात तोललं, किल्ली फिरवली, कुलूप दोन-तीनदा ओढून पाहिलं. मग सदऱ्याची बटणं काढून किल्ली जानव्याला (खांद्यावरून कमरेपर्यंत येणारा दोरा) बांधू लागले. आपल्या घरच्या कपाटाची किल्ली तिथेच असायची.

"अहो, पैसे तरी देऊ द्या वहिनींना," चाचा म्हणाले.

मार्केट यार्डापाशी कांद्याच्या ट्रकमागे बराच वेळ अडकलो. गाडीतच पोळी-भाजी खाल्ली. हडपसर मागे पडलं, प्लॉटच्या जाहिराती आणि मधून मधून ऊस दिसू लागला. आभाळ मळकट होतं. "आपण कुठे चाललोय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं. या वेळी मी "फिरायला" म्हणाले.

खोलीत मावशी (तिथे देखरेख करणाऱ्या बाई) म्हणाल्या, "आजोबा, उघडून दाखवा बघू." ते नुसते उभे राहिले. मग त्यांचा हात आपोआप सदऱ्यात गेला. किंचित वाकून त्यांनी कुलूप उघडलं, कपडे लावले, कुलूप घातलं, ओढून पाहिलं.

"कपाट यांचंच हो," मावशी म्हणाल्या.

मफलर माझ्या पिशवीतच राहिला होता. तो ठेवायला मी किल्ली मागितली. त्यांनी ती मुठीत धरली.

"बाई, हे कपाट माझं आहे. तुमचं काय काम?"

मफलर मी पलंगावर ठेवला.

त्या कुलपाची दुसरी किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. ती वापरायला मात्र मी कोण, हे त्यांना आठवायला हवं. माझं नाव गेलं. तुमचीही नावं गेली आहेत, फोनवर वाईट वाटून घेऊ नका. कुलूप लावल्यावर ते ओढून पाहणं अजून आहे.