पुढच्या चाकात बावीस

कसबा बावड्यात सायकल उभी केली की येणारा-जाणारा तिच्या टायरवर अंगठा दाबतो. त्याला ओळख लागत नाही, परवानगी तर नाहीच. टायर जरा दबला की निकाल तयार: वैनी, हवा न्हाय की. आमच्याकडे हवा भरतात ती ओझ्यासाठी. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला हंगामभर उसाच्या ट्रॉल्यांची चाकं भरतो आणि त्याच हाताने माझी सायकलही टणक करून देतो.

एकावन्नाव्या वर्षी मी डोंगरात चालवायची जाड टायरची सायकल घेतली, तेव्हा घरात झालेला हशा मी विसरलेले नाही. विसरणारही नाही. जोतिबाच्या डोंगरामागे मुरमाची एक पायवाट उतरते, मला ती हवी होती. तिथे टणक टायर सुट्या खड्यांवरून नुसता उडतो. हवा कमी केली की जमीन धरून चालतो. फारच कमी केली तर दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटते. अठरा पौंड हवेवर ते भोगलं आणि भर उन्हात सायकल ढकलत आले. दर रविवारी त्या वाटेच्या तोंडाशीच हवा मोजायचा काटा लावून, थोडी सोडून, थोडी भरून, माझ्या वजनाला जुळणारा हवेचा आकडा मी शोधला. पुढच्या चाकात बावीस, मागच्यात पंचवीस. कुणाला विचारून आणला नव्हता, म्हणून त्याचा मला फार अभिमान होता.

आकडा सापडल्यावर मी हवा आदल्या संध्याकाळी घरीच लावून ठेवली, आणि त्याच रविवारी पडले. पहिल्या वळणावर पुढचं चाक सटकलं, मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. बघायला आलेल्या प्रत्येकाने चहा पिता पिता मऊ हवेला दोष दिला. नवऱ्याने अट घातली: आता पुन्हा पडलीस तर सायकल भाच्याला द्यायची. मी रागाने हो म्हटलं. खरी गोष्ट अशी की तोवर माझाच त्या आकड्यावरचा विश्वास उडाला होता. मनगटापेक्षा ते जास्त दुखत होतं.

प्लास्टर निघालं, हाताला बळ आलं आणि एका शनिवारी संध्याकाळी मी पुन्हा बावीस-पंचवीस लावून सायकल नवऱ्याच्या टेम्पोत चढवली. सकाळी वाटेच्या तोंडाशी त्याने ती उतरवली. भीतीने असेल, मी या वेळी पुन्हा काटा लावला. पुढे पन्नास. मागेही पन्नास.

मी त्याच्याकडे बघितलं. तो अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाला, "चाकं दबत हुती. पहाटं भरली म्या."

"मागल्या बारीलाबी?"

"व्हय की."

लग्नाआधी तो सायकलला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या अडकवून डेअरीला जायचा. एकदा टायर मऊ राहिला, रिम वाकली आणि सगळं दूध रस्त्यावर गेलं. वडिलांनी चारचौघांत मारलं होतं. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक चाकावर त्याचा अंगठा फिरतो. मायेनेच भरली होती त्याने, हे मला कळत होतं. पण सहा आठवडे मी स्वतःला नावं ठेवत पडून होते, लोक माझ्या हवेला शहाणपण शिकवत होते, आणि ती हवा माझी नव्हतीच. मला भयंकर संताप आला.

मी त्याच्यासमोर खाली बसले आणि व्हॉल्व्ह दाबला. फुस्स आवाज बराच वेळ चालला. तो अस्वस्थ होऊन म्हणाला, "पडलीस म्हंजे?"

"माझ्या मागं किटल्या न्हाईत, मी एकटीच हाय. आणि पडले तर माझ्या हवेनं पडीन."

काटा बावीसवर आल्यावर उठले. मागचं पंचवीस केलं आणि निघाले. पहिल्या वळणावर पुढच्या चाकाने मुरूम धरला. दुसऱ्या वळणावर मी ब्रेकवरची बोटं सैल केली. खालपर्यंत पाय एकदाही टेकवला नाही. तो टेम्पो घेऊन खाली आला तेव्हा मी दगडावर बसून पाणी पीत होते. त्याने सवयीने टायरकडे हात नेला, माझ्याकडे बघितलं आणि हात खिशात घातला.

आता शनिवारी संध्याकाळी तो पंप आणून विचारतो, किती ठेवू? मी आकडा सांगते, तो भरतो. रविवारी निघताना मी पुन्हा काटा लावते. त्याच्यासमोरच.