हसवणारी सिस्टर

भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता, पहिली भट्टी नुकतीच पेटली होती, त्या दिवसांतल्या दवाखान्यातली ती केरळची सिस्टर. ऑपरेशन झालेल्या प्रत्येक बाईला ती तोडक्या हिंदीत जोक सांगायची. "भट्टी कभी बुझता नहीं, हमारे मेस का चूल्हा कभी जलता नहीं!" सांगताना नजर बाईच्या तोंडाकडे नाही, हातांकडे. मले वाटे, बाई जरा थिल्लरच आहे.

माझी गर्भाची पिशवी काढली, त्याच्या दुसऱ्या सकाळी ती माझ्यापाशी आली. तोच जोक. मी ओठ चावून पडून राहिले.

"दर्द है?"

"नाही जी, काहीच नाही."

आग होत होती नुसती. पण मी तिसरीत शाळा सुटलेली, माहेर दूर नागपूरकडं. या लोकांनी जीव वाचवला, वरून तक्रार कशी करू? अन् पोटाखालचं दुखणं आमच्यात कोणी बोलत नाही.

सिस्टरनं समोरच्या खाटेवरच्या पोरीकडे बोट केलं. तिचं ऑपरेशन उद्या होतं. "दर्द रोकने का सुई कोई को पीठ में देता. तुमको टाँके के बाजू में दिया. तुमको दर्द नहीं, तो उसको भी बाजू में देगा."

पोरीनं विचारलं, "खरंच दुखत नाही काय व, काकू?"

मी पाहिलं, सिस्टरची नजर माझ्या हातांवरच होती.

"सिस्टर, तो जोक पुन्हा सांगा."

तिनं सांगितला. मी हसले, अन् दोन्ही हातांनी पोट गच्च धरून कळवळले. सिस्टर हसली नाही. तिनं माझ्या हातांखाली उशी सरकवली.

"अब बोलो, कहाँ?"

पदर तोंडावर ओढून मी सगळं सांगितलं.