सतरा नंबरचं कार्ड

आधीच सांगतो मंडळी, उतारे, चकवे, अमावास्या... यातलं मला काही पटत नाही. वायर तुटली की दिवा जातो, एवढंच माझं अध्यात्म. महाडला माझं नेटवर्किंगचं छोटं दुकान आहे. जे मी केलंच नाही त्याचा ठपका माझ्यावर आलाय, म्हणून हे लिहितोय.

पोलादपूरला, आंबेनळीच्या रस्त्यावर, स्ट्रॉबेरीचं एक कोल्ड स्टोरेज आहे. मालक शेठ मुंबईत. दोन दारांना कार्ड रीडर लावले. राउटर एकच, म्हणून प्रत्येक रीडरला वेगळा पोर्ट फॉरवर्ड करून दिला, म्हणजे इंटरनेटवरून थेट त्या रीडरपर्यंत यायची वाट — शेठ घरबसल्या बघणार, कोण आलं, कोण गेलं. वर फर्मान सुटलं, "थंड खोलीतलं दार उघडायचं आतलं बटण काढा. कामाच्या बायका सारख्या बाहेर पळतात." मी काढलं. म्हणजे आतल्या माणसाला सोडवायला वॉचमननेच बाहेरून कार्ड लावायचं.

तेव्हा वॉचमन होते कुडपणचे धर्मामामा. दार लोटण्याआधी दोनदा थाप मारून विचारायचे, "आत कोण हाय काय गो?" कधी चुकले नाहीत. दिवाळीत मामा वारले. त्यांचं सतरा नंबरचं कार्ड मीच यादीतून डिलीट केलं आणि दुकानातल्या ड्रॉवरमध्ये टाकलं. नव्या वॉचमनला विचारायची सवय नव्हती.

फेब्रुवारीत एकदा भरदुपारी तिथे कामाला असलेल्या सुशीलाताई क्रेट आणायला आत गेल्या, आणि हा नवा वॉचमन दार लोटून जेवायला गेला. दार इतकं जाड की आतून ओरडलेलं बाहेर ऐकू येत नाही. त्या दिवशी सकाळीच रस्त्याच्या खोदकामात इंटरनेटची केबल तुटली होती, म्हणून मी महाडहून निघालोच होतो. पोचलो तर ताई उन्हात बसून थरथरतायत, बोटं वळत नाहीत.

"अर्धा तास आत व्हते, दादा. मंग दारावर दोनदा थाप पडली. 'आत कोण हाय काय गो?' मी वरडले, मामा, मी हाय, सुशीला! दार उघडलं... भायेर कोण नाय."

मी लॅपटॉप थेट रीडरलाच जोडला. त्यातली शेवटची नोंद: एक वाजून बारा मिनिटं. कार्ड सतरा. दार उघडलं.

नोंद शेठना कळवली, तसा त्यांचा फोन आला. "तुम्ही पोर्ट उघडा ठेवलात! कुणीतरी हॅक केलंय!"

माझं डोकंच फिरलं. अहो, केबल तुटलेली, बाहेरून कोण कसा आत येणार? आणि हॅकर कुठल्या तरी देशात बसून कुडपणच्या बोलीत ताईंची चौकशी करणार? बाई आत गोठत होती, त्याबद्दल एक शब्द नाही! उलट काम माझंच गेलं, गावभर नाव माझंच खराब. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय...

निघण्याआधी, कुणालाही न विचारता, ते बटण परत बसवलं. दुकानात येऊन ड्रॉवर उघडला. कार्ड जागेवरच होतं, वर धूळ.

पोर्टचा आरोप मी जन्मात मानणार नाही. दार कुणी उघडलं, हे मला आजही सांगता येत नाही. पण ताईंना आतून ते उघडता का आलं नाही, हे मला कुणी विचारलंच नाही. बटण काढताना स्क्रूड्रायव्हर माझ्याच हातात होता.